पटकथा लिहून जगायचं असेल तर

पटकथालेखक व्हायचंय म्हणणाऱ्या नव्या मुलामुलींशी बोललं की सगळे प्रश्न पहिल्या ड्राफ्टबद्दलचे येतात, आयडिया कशी सुचते, सुरुवात कुठून करायची, किती दिवसांत लिहून होतं. प्रश्न चांगले आहेत, पण या लाइनमध्ये पोट भरतं ते दुसऱ्या, पाचव्या, नवव्या ड्राफ्टवर. पटकथा डायरेक्टर, प्रोड्युसर, कॅमेरामन, आर्टवाले, नट, एडिटर अशा सगळ्यांच्या हातातून जाते आणि त्यातला जवळपास प्रत्येक जण काहीतरी बदलायला सांगतो, आणि ते बदल करताना आपली गोष्ट शाबूत ठेवता येणं हे या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे. खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्याच्याभोवतीच आहे.

आधी वाचायला लागा. सिनेमे बघणारे खूप असतात, पटकथा वाचणारे फार कमी. गाजलेल्या सिनेमांच्या पटकथा पुस्तकरूपात मिळतात, बऱ्याच कंपन्या पुरस्कारांच्या सीझनमध्ये आपल्या पटकथा स्वतःच नेटवर वाचायला ठेवतात, त्या उतरवून घ्या. मग एक करा, आवडता सिनेमा परत लावा आणि प्रत्येक सीन संपला की पॉज करून एक ओळ लिहा: सीनमध्ये कोण आहे, त्याला काय हवंय, आणि सीन संपताना काय बदललं. पूर्ण लांबीच्या सिनेमात साधारण चाळीस ते साठ सीन निघतात, म्हणजे तेवढ्याच ओळी होतात, दोन-तीन पानांत अख्खा सिनेमा उघडा पडतो. यालाच वन-लाइन म्हणतात आणि पुढे नोकरी म्हणून तुम्ही हेच उलट्या दिशेनं करणार आहात, आधी वन-लाइन आणि मग सीन. असे दहा-बारा सिनेमे सोलून काढले की कुठल्या सीनमध्ये काहीच बदलत नाही हे हाताला लगेच कळायला लागतं, आणि स्वतःच्या लिखाणातले असे सीन उडवायचं धैर्य पण येतं.

फॉरमॅटवर जास्त वेळ घालवू नका, दोन दिवसांत येतो. सीन हेडिंगमध्ये आत की बाहेर, जागा, वेळ, खाली वर्तमानकाळात फक्त जे दिसतं आणि ऐकू येतं ते, मधोमध पात्राचं नाव आणि त्याखाली संवाद. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट हा जो हिशोब सगळे सांगतात तो बारा पॉइंटच्या कुरियर फॉन्टचा आहे, त्या हिशोबानं सिनेमा नव्वद ते एकशेवीस पानांचा होतो. देवनागरीत फॉन्ट वेगळा, ओळीची उंची वेगळी, त्यामुळे तो हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचून बघणं हाच भरवशाचा उपाय. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर लोक महिने घालवतात, पैसे नसतील तर फाउंटन नावाची साध्या टेक्स्टमध्ये लिहायची पद्धत आहे, फुकट आहे, त्यात लिहा. एकच जपा, फाइल पाठवताना पीडीएफ करून दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, जोडाक्षरं फुटलेली पटकथा कोणी दोन पानांच्या पुढे वाचत नाही.

आता मुख्य गोष्ट, परत लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं. एक सीन घेऊन दाखवतो.

दोन भाऊ आहेत, वडिलांचं घर विकायचंय, मोठा खूप वर्षांनी सही करायला आलाय, धाकटा तिथेच राहिलेला आहे आणि त्याला घर विकायचं नाहीये. पहिल्या ड्राफ्टमध्ये आपण सगळेच असं लिहितो: धाकटा म्हणतो, "दादा, बाबा गेल्यापासून हे घर मी एकट्यानं सांभाळलंय, तू दहा वर्षांत एकदाही फिरकला नाहीस, आणि आज थेट विकायलाच आलास." वाक्य वाईट नाही, नट ते जोरात म्हणेल पण. पण ही माहिती दोघांनाही आधीपासून आहे, मग ती बोलली जातेय ती फक्त प्रेक्षकासाठी, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

दुसरा ड्राफ्ट. संध्याकाळ झालीय, कागद टेबलावर आहेत, नीट दिसत नाही म्हणून मोठा उठून दिव्याचं बटण दाबतो. दिवा लागत नाही. दुसरं दाबतो, पंखा सुरू होतो आणि कागद उडतात. धाकटा न बघता हात लांब करून तिसरं बटण दाबतो. दिवा लागतो.

मोठा: बटणं बदललीस?
धाकटा: तू गेल्यावर.

मग मोठा कागद गोळा करत विचारतो, पेन आहे का. धाकटा ड्रॉवर उघडतो, कपाटावर बघतो, कोपऱ्यातली पिशवी चाचपतो, सापडत नाही म्हणतो. पेन त्याच्या शर्टाच्या खिशाला लावलेलं आपल्याला दिसतंय. मोठ्यालाही दिसतंय. तो काही बोलत नाही.

यात दहा वर्षांचा उल्लेख नाही, घर सांभाळल्याचं भाषण नाही, तरी सगळं आलं. आता खरी परीक्षा. शूटिंगच्या आठवड्यात प्रोडक्शनकडून फोन येतो की ती जागा फक्त दुपारची मिळालीय, सीन दिवसाचा करा. दुपारी दिवा लावायचं कारणच नाही, म्हणजे बटण गेलं. इथे नवा लेखक दोनपैकी एक करतो, भांडतो किंवा परत ते पहिलं भाषण टाकून मोकळा होतो. तुम्ही स्वतःला विचारायचं की बटण सीनमध्ये कशासाठी होतं. ते होतं मोठ्याला या घराची सवय राहिली नाही हे दाखवायला. मग दुपारी उकडतंय म्हणून तो खिडकी उघडायला जातो, ती उघडत नाही, जोर लावतो, धाकटा येऊन एक बोट खाली घालून जराशी वर उचलतो आणि खिडकी उघडते. "तू गेल्यावर" हे वाक्य इथेही बसतं. बटण गेलं, सीन वाचला.

म्हणून माझी सवय अशी, प्रत्येक सीनच्या वर स्वतःच्या कॉपीत एक ओळ लिहून ठेवायची की हा सीन कशासाठी आहे. ती ओळ कोणाला पाठवायची नाही. पण बदल मागितला गेला की आधी ती ओळ वाचायची, मग बाकी सगळं सोडायची तयारी ठेवायची, जागा, वेळ, प्रॉप म्हणजे सीनमधली वस्तू, संवाद, अगदी पात्रसुद्धा. ज्याला स्वतःच्या सीनमधलं काय सोडायचं नाही हे माहिती असतं त्याला उरलेलं सोडताना त्रास होत नाही, आणि असा लेखक सगळ्यांना हवा असतो.

मीटिंगमध्ये मिळणाऱ्या नोट्सबद्दल, म्हणजे बदलाच्या सूचनांबद्दल. माणसं जो उपाय सुचवतात तो बरेचदा चुकीचा असतो, पण त्यांना कुठेतरी टोचलंय हे खरं असतं. "हिरोइन आवडत नाही, तिला एखादा कॉमेडी सीन द्या" अशी नोट आली तर कॉमेडी सीन लिहायला बसू नका, पहिल्या पंधरा पानांत तिला स्वतःला काही हवंय का ते बघा, बहुतेक वेळा नसतं, ती फक्त इतरांच्या गोष्टींवर रिअ‍ॅक्ट करत फिरत असते. "शेवट पटत नाही" म्हटलं की चूक शेवटात क्वचितच असते, ती मध्यात कुठेतरी असते जिथे आपण एखादा निर्णय पात्राच्या वतीनं स्वतःच घेऊन टाकलेला असतो. मीटिंगमध्ये बचाव करत बसू नका, लिहून घ्या आणि एकच प्रश्न विचारा, नेमकं कुठल्या पानावर लक्ष उडालं. घरी येऊन त्याच दिवशी मेल टाका की आज असं असं ठरलं, मी हे हे बदलतोय. दोन महिन्यांनी "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" झालं तर तो मेल उपयोगी पडतो, आणि खरं सांगायचं तर मेल लिहितानाच अर्ध्या नोट्स एकमेकींच्या विरोधात आहेत हे लक्षात येतं. डायरेक्टर एक सांगतोय, चॅनल दुसरंच, तर दोघांना खूश करणारा ड्राफ्ट लिहू नका, तो कोणालाच आवडत नाही. तुम्ही दोघं आधी ठरवा आणि मला एकच लिस्ट द्या, असं नम्रपणे सांगता आलं पाहिजे.

सिनेमा आणि टीव्ही, दोन्हीकडे लिहिणं तेच असलं तरी रोजचं जगणं पूर्ण वेगळं. सिनेमा सावकाश चालतो, पटकथा पूर्ण झाल्यापासून पडद्यावर यायला कितीतरी वर्षं जातात, बऱ्याचशा येतच नाहीत. टीव्हीला थांबायला वेळ नाही. भारतातल्या डेली सोपमध्ये कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात आणि बऱ्याचदा तीन वेगळी माणसं ती करतात, एकानं पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथानक, आखायचा, दुसऱ्यानं त्याचे सीन पाडायचे, तिसऱ्यानं बोलणं लिहायचं. अमेरिकेत रायटर्स रूम असते, सात-आठ लेखक एका खोलीत बसून सीझन फोडतात, म्हणजे त्याची गोष्ट एपिसोडवार मांडतात, शोरनर म्हणजे मालिकेचा प्रमुख हा स्वतः लेखक असतो आणि शेवटचा शब्द त्याचा. रूममध्ये जो सगळ्यात नवा आहे त्यानं जास्त बोलायचं की कमी हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बोला, पण दुसऱ्याची कल्पना नाकारताना जागेवर दुसरी ठेवता येत असेल तरच नाकारा, "हे नाही चालणार" एवढंच म्हणणारा माणूस रूमला दमवतो.

रोजच्या मालिकेसाठी एक वही करा, फार कामाची आहे: कुठल्या पात्राला काय माहिती आहे आणि कितव्या एपिसोडपासून. दोनशे एपिसोडनंतर ही सून त्या पत्राबद्दल जाणते की नाही हे कोणाच्याच लक्षात नसतं, प्रेक्षकांच्या मात्र असतं. दुसरं, नट आजारी पडतात, तारखा जातात, आदल्या रात्री कळतं की उद्या आई नाहीये, तिचे संवाद दुसऱ्या कोणाला द्या. नुसते संवाद सरकवू नका. आईनं दिलेला ओरडा काकूनं दिला तर त्याचा अर्थ बदलतो, तो बदल वापरा, कधीकधी सीन आधीपेक्षा चांगला होतो.

काम मिळणार कसं. दोन स्वतःचे नमुने तयार ठेवा, एक पूर्ण सिनेमाची पटकथा आणि एक मालिकेचा पहिला एपिसोड, दोन्ही स्वतःच्या कल्पनेचे आणि पूर्ण. अर्धवट लिहिलेल्या पाच गोष्टींपेक्षा पूर्ण झालेली एक साधी गोष्ट जास्त दारं उघडते, कारण समोरच्याला हे बघायचं असतं की या माणसाला शेवटापर्यंत नेता येतं का. मोठ्या कंपन्यांना न विचारता पटकथा पाठवली तर त्या बहुतेक उघडतच नाहीत, उद्या चोरीचा आरोप नको म्हणून, तेव्हा आधी चार ओळींचा मेल करून परवानगी घ्या. शॉर्ट फिल्म करणाऱ्या, तुमच्याच वयाच्या डायरेक्टरांबरोबर काम करा, ही मैत्री पुढे वीस वर्षं काम देते. एखाद्या अनुभवी लेखकाकडे असिस्टंट म्हणून राहायला मिळालं तर जरूर राहा, पण श्रेयाचं आणि पैशाचं काय ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

नॅरेशन, म्हणजे तोंडी गोष्ट सांगणं, हे वेगळं शिकावं लागतं. चांगलं लिहिणारे कितीतरी जण इथे अडतात. तीन लांबीच्या आवृत्त्या पाठ ठेवा, दोन मिनिटांची, दहा मिनिटांची आणि पूर्ण. दोन मिनिटांच्या आवृत्तीत तीनपेक्षा जास्त नावं घेऊ नका, "तिचा भाऊ", "तो पोलीस" असंच म्हणा, ऐकणाऱ्याला नावं लक्षात ठेवायला लावलं की तो गोष्टीतून बाहेर जातो. सांगताना वर्तमानकाळात सांगा. आणि मध्ये फोन आला, चहा आला तर परत सांगताना एक वाक्य मागे जाऊन सुरुवात करा.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत मांडलीय त्या मांडणीला मिळतो, म्हणून दोन ओळींची आयडिया सांगत फिरू नका, चार-पाच पानं लिहून मग सांगा. भारतात स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना आपली स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, अमेरिकेत रायटर्स गिल्डकडे करता येते. रजिस्ट्रेशन म्हणजे अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा पुरावा, हक्क तर लिहिल्याक्षणी तयार झालेलाच असतो.

कंत्राटात पैसे टप्प्यांत असतात, सही करताना काही, मग पहिला ड्राफ्ट, दुसरा ड्राफ्ट, शेवटचं पॉलिश. इथे एक शब्द डोळ्यांत तेल घालून बघा. हप्ता ड्राफ्ट "दिल्यावर" मिळणार आहे की "मंजूर झाल्यावर"? मंजुरी त्यांच्या हातात असते, देणं तुमच्या हातात. "शूटिंग सुरू झाल्यावर" असं लिहिलेला हप्ता तर मिळेलच असं धरून कधीही खर्च करू नका, कारण शूटिंग सुरू होणं ना तुमच्या हातात असतं ना कित्येकदा त्यांच्या. त्या फीमध्ये किती ड्राफ्ट येतात हा आकडा लिहून घ्या, नाहीतर एकाच पैशात वर्षभर लिहीत राहाल. आणि ऑप्शन म्हणजे काय ते समजून घ्या, कंपनी थोडे पैसे देऊन ठराविक काळासाठी, बहुतेक वर्ष-दीड वर्ष, तुमची पटकथा राखून ठेवते, त्या काळात तुम्ही ती दुसऱ्याला विकू शकत नाही. फुकट ऑप्शन देऊ नका, रक्कम लहान असली तरी चालेल पण फुकट नको, कारण ज्याचे पैसे गेलेत तोच फोन करतो.

भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर सिनेमात वापरलेल्या लिखाणाचा थिएटरबाहेर वापर झाला तर त्याच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला करारानं सोडून देता येत नाही. म्हणजे कंत्राटात "सगळे हक्क सोडले" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी हा हक्क तुमच्याकडेच राहतो, हे माहिती असू द्या. अमेरिकेत हेच रेसिड्युअल म्हणून गिल्डच्या करारातून मिळतं, आणि ते मिळवायला लेखकांनी काम बंद ठेवलंय, २००७-०८ साली १०० दिवस आणि २०२३ साली २ मे पासून १४८ दिवस. २०२३ च्या करारात एआयबद्दलही स्पष्ट झालं, एआयनं लिहिलेल्या मजकुराला लेखक म्हणून श्रेय नाही, आणि कंपनीनं तसा मजकूर हातात दिला तर तो एआयचा आहे हे लेखकाला सांगावं लागतं. तुम्ही कुठल्याही देशात काम करत असाल, संघटनेचे सभासद व्हा. एकटा लेखक कंत्राटातलं एक वाक्य बदलून घेऊ शकत नाही, संघटना घेऊ शकते.

श्रेय हे पैशाएवढंच महत्त्वाचं आहे, कारण पुढचं काम त्याच्यावर मिळतं. हॉलीवूडचा पटकथालेखक डाल्टन ट्रंबो ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे ज्यांना काम द्यायचं नाही अशांच्या यादीत, असताना खोट्या नावानं लिहीत होता, १९५७ साली कथेचं ऑस्कर रॉबर्ट रिच या त्याच्या खोट्या नावाला जाहीर झालं, आणि ती बाहुली त्याच्या स्वतःच्या हातात यायला १९७५ उजाडलं. तुमच्यावर तशी वेळ येणार नाही, पण नाव कुठे येणार, कोणत्या शब्दांत येणार, पोस्टरवर येणार का, आणि दुसरा लेखक मध्येच आणला तर काय, हे सही करायच्या आधी कागदावर आणा. नंतर मागितलं की "उपकार" होतो. एका कामात माझं नाव पोस्टरवरून गळलं होतं, तोंडी शब्द दिलेला होता, कागदावर काही नव्हतं, आणि त्यावर करता येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

पैसा एकदम येतो आणि मग कितीतरी महिने येत नाही. मोठा चेक आला की त्यावर टॅक्स जायचाय हे आधी डोक्यात घ्या, उरलेल्याला बारानं भागा आणि स्वतःला दर महिन्याला पगार द्या. सुरुवातीच्या वर्षांत दुसरी नोकरी असणं अजिबात कमीपणाचं नाही, उलट घरभाडं सुटलेलं असलं की वाईट कंत्राटाला नाही म्हणता येतं. डबिंगचे अनुवाद, कॉर्पोरेट फिल्म, जाहिराती, ही कामं घ्या, त्यात वेळेवर देण्याची सवय लागते. पाठीची, मनगटांची काळजी घ्या, डेली सोप लिहिणाऱ्यांमध्ये हे दुखणं फार आहे. आणि दोन-तीन असे मित्र जपा जे तुमचं लिखाण वाचून खरं बोलतात, त्यांचंही तुम्ही मन लावून वाचा.

बंद पडलेल्या प्रोजेक्टचं काय करायचं हे शेवटी सांगतो, कारण तुमच्या बहुतेक पटकथा बंद पडणार आहेत. कंत्राटात हक्क परत येण्याची तारीख असायला हवी, अमुक काळात शूटिंग सुरू झालं नाही तर पटकथा लेखकाकडे परत, असं कलम. ते मिळालं की ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी कंपनीला लेखी पत्र पाठवून हक्क परत आल्याचं उत्तर मागून घ्या. मग पटकथा बाहेर काढा, वर लिहिलेल्या त्या "हा सीन कशासाठी आहे" ओळी एकामागोमाग एक वाचा, ज्या अजूनही पटतात तेवढेच सीन ठेवा आणि बाकीची परत लिहायला घ्या.